पाच लेकरं जमली की

नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत माझ्या हातून गोवरच्या लशीचा एक थेंबही वाया गेला नाही. हे मी तेव्हा येताजाता सांगायचे, कुणी विचारलं नसलं तरी. महिन्याच्या तक्त्यात शेवटचा रकाना असायचा, 'वाया गेलेले डोस'. त्यात मी एक गोल, सुबक शून्य काढायचे. बाकीच्या सिस्टर त्या रकान्यापाशी आल्या की त्यांचं अक्षर बारीक व्हायचं, माझं मोठं व्हायचं. त्या शून्यासाठी मला कुणीतरी वेळीच झापायला हवं होतं. झापलं नाही कुणी. उलट एकदा मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या आणि मी घरी जाताना पावशेर घारी, ती सुरतेची तुपाळ मिठाई, घेऊन गेले.

मी खानदेशातली, अमळनेरच्या बाजूची. नर्सिंगचा छोटा कोर्स झाला, लग्न झालं आणि नवऱ्यामागे सुरतला आले. तो साड्या रंगवण्याच्या मिलमध्ये होता. मला एका ट्रस्टच्या दवाखान्यात नोकरी लागली. ट्रस्टला लस सरकारी गोदामातून मिळायची आणि दर बुधवारी आम्ही ती घेऊन वस्त्यांमध्ये जायचो. माझ्या वाट्याला पर्वत पाटियाच्या पलीकडचे आवास आले होते. आवास म्हणजे सरकारने गरिबांसाठी बांधलेल्या चार मजली बिल्डिंगी. ज्यांची झोपडी रस्त्यात गेली त्यांना तिथे खोली मिळाली होती. एक खोली, कोपऱ्यात ओटा, समोर सगळ्यांची मिळून एक गॅलरी. राहणारे बहुतेक लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारे, आणि त्यातले निम्मे तरी आमच्या धुळे-नंदुरबार-जळगावकडचे. सुरतेत प्लेग आला त्या वर्षी ही माणसं मिळेल त्या गाडीला लटकून गावी गेली होती आणि दोन महिन्यांनी तशीच परत आली होती.

आमचा दवाखाना मोठ्या रस्त्यावर होता आणि आधी बायांनीच तिथे यावं अशी अपेक्षा होती. त्या येत नसत. वर्षभर आम्ही त्यांना अडाणी म्हणून मोकळे झालो. मग ट्रस्टचे म्हातारे डॉक्टर म्हणाले, "ते येत नाहीत तर तुम्ही जा ना, बेन." ते गुजराती होते, सगळ्यांना बेन म्हणायचे आणि महिन्यातून एकदाच आमच्याकडे फिरकायचे. त्यांच्या सांगण्यावरून तीन नंबरच्या बिल्डिंगीत, जिन्याखालच्या पंपाच्या खोलीत माझा बुधवारचा दवाखाना सुरू झाला. पंप केव्हाच जळाला होता. त्याच्यावर एक फळी टाकली आणि फळीवर लशीचा डबा ठेवला. सुया-सिरिंजा मी दवाखान्यातून उकळून डब्यात भरून आणायचे.

पहिल्या बुधवारी मी जिन्यात उभी राहून खच्चून ओरडले, "लस घ्यायला चला!" वरून एक माणूस बनियनवर धावत खाली आला. मला वाटलं, लेकराला घेऊन आला. तो मला मारायच्याच बेतात होता. रात्रभर लूमवर उभा राहून सकाळी सातला येऊन झोपलेला माणूस तो. नंतर कळलं की आवासात दर दुसऱ्या खोलीत दिवसा कुणीतरी झोपलेलं असतं. एकच खोली, त्यातच चूल, त्यातच पोरं आणि त्यातच रात्रपाळीचा माणूस. त्या बायका दिवसभर हलक्या पावलांनी वावरत. भांडं खाली ठेवतानासुद्धा आधी हात टेकवत आणि मग भांडं.

तेव्हा मला समजलं की या बाया लशीला का येत नव्हत्या. त्यांना सुईची भीती नव्हती. त्रिगुणी लस टोचली की पोराला ताप येतो, पोर किरकिरतं आणि नवऱ्याची झोप मोडते. झोप न झालेला माणूस रात्री लूमवर उभा राहिला की धोट्यात नाहीतर पट्ट्यात हात जायला वेळ लागत नाही. दोन-तीन घरांत बोटं गेलेली माणसं होतीच. मी इकडे घटसर्प आणि डांग्या खोकल्यावर भाषणं ठोकत होते आणि त्या मुकाट ऐकून घेऊन मनात नवऱ्याची बोटं मोजत होत्या. अडाणी कोण होतं ते मला त्या दिवशी कळलं.

मग मी ओरडणं बंद केलं. पंपाच्या खोलीच्या कडीला एक लाल फडकं बांधायचे. गॅलरीतून फडकं दिसलं की बाया समजायच्या.

आणि तरीही कुणी आलं नसतं, जर ती आली नसती.

ती दुसऱ्या मजल्यावर राहायची. वीस-एकवीस वर्षांची, शिंदखेड्याकडची, हाडापेराने बारीक, पण चालणं भरभर. नवरा कायमचा रात्रपाळीला. पहिलीच मुलगी, दीड महिन्याची, कपाळावर एवढं मोठं काजळाचं बोट. तिने माझ्याकडून बीसीजीपासून सगळं समजून घेतलं. मी अहिराणीत बोलले तशी खुलली आणि म्हणाली, "ताप ई त काय करू, ताई? हाई पोरना बाप झोपेल ऱ्हास." ताप आला तर काय करू, हिचा बाप झोपलेला असतो. मी तिला गोळीचा तुकडा दिला आणि पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगितल्या. झोपलेल्या बापावर माझ्याकडे औषध नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेले. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या जिन्यात बसली होती. सकाळपासून. जवळ तांब्या, फडक्याचा तुकडा आणि मांडीवर तापलेली पोर. पोर रडली की ती एक मजला वर जायची, थांबली की खाली यायची. नवरा आत घोरत होता, ते जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. "झोप झायी त्यासनी," ती मला म्हणाली, काहीतरी जिंकल्यासारखी. मला तिचं फार कौतुक वाटलं. मी तिच्याजवळ पायरीवर बसले आणि आम्ही दोघींनी तिच्या डब्यातली चटणी-भाकरी खाल्ली.

महिन्याने ती दुसऱ्या डोसाला आली तेव्हा एकटी नव्हती. मागे तीन जणी होत्या. तिनेच त्यांना शिकवलं होतं की दुसऱ्या दिवशी जिन्यात बसायचं, तांब्या न्यायचा, दुपारचा डबा बरोबर ठेवायचा. पुढे पुढे दर गुरुवारी तीन नंबरच्या जिन्यात पाच-सहा बाया तापलेली लेकरं घेऊन बसलेल्या असायच्या. कुजबुजत बोलायच्या, एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढायच्या. ओल्या पट्ट्या कठड्यावर वाळत घातलेल्या असायच्या. वर्षभर भाषणं करून मला जे जमलं नव्हतं ते त्या पोरीने एका तांब्यावर करून दाखवलं. मी तक्त्यात लिहिलं, 'वस्तीत जागृती झाली'. तिच्याबद्दल लिहायला तिथे रकाना नव्हता.

तिच्या मुलीच्या कार्डावरचे चौकोन एकेक करून भरत गेले. बीसीजी, मग तीनदा त्रिगुणी, तीनदा पोलिओ. प्रत्येक चौकोनात माझी सही. ते कार्ड ती देवाच्या फोटोमागे ठेवायची, त्यामुळे त्याला कुंकवाचा वास यायचा. आता राहिला होता एकच चौकोन, गोवरचा. तो नऊ महिने झाल्यावर.

इथे मला ती बाटली समजावून सांगितली पाहिजे. गोवरची लस बाटलीत कोरडी पूड असते. तिच्यात पाणी घातलं की पाच लेकरांची लस होते. पण एकदा पाणी घातलं की ती चार तास टिकते, मग फेकायची. म्हणजे एका लेकरासाठी बाटली फोडली तर चौघांची लस वाया. मला ज्या सिस्टरने काम शिकवलं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "गोवरला पाच जमल्याशिवाय बाटली फोडायची नाही." मला ते लगेच पटलं. आमच्या घरी आई एका भाकरीसाठी कधी तवा चढवायची नाही. कुणी उशिरा जेवायला आलं तर शिळंपाकं खायचं, नाहीतर सगळे जमेपर्यंत थांबायचं. लाकडं काय आकाशातून पडतात, असं ती म्हणायची. मी लहानपणापासून थांबायला शिकले होते. दुसऱ्यांना थांबवायला तर मला त्याहून चांगलं जमायला लागलं.

साधारण बुधवारी पाच काय, सात लेकरं जमायची; वरच्या दोघांना मी पुढच्या बुधवारी बोलवायचे. पण वर्षातले दोन-तीन आठवडे असे यायचे की आवास निम्मे रिकामे. आखाजीचे दिवस. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खानदेशातल्या लेकीबाळींना ते नाव फार छोटं पडतं. वर्षभर सासरी, त्यातून सुरतेला, एका खोलीत, हलक्या पावलांनी राहिलेली पोरगी आखाजीला माहेरी जाते. तिथे निंबाच्या झाडाला झोका बांधलेला असतो आणि वाटेल तेवढ्या मोठ्याने गाणी म्हणता येतात. आखाजीला माहेरी जाऊ नको असं म्हणणारा नवरा माझ्या पाहण्यात नाही. त्या आठवड्यात ताप्ती लाइनच्या पॅसेंजरमध्ये सगळी सुरत अहिराणी बोलते.

त्या बुधवारी मी फडकं बांधलं आणि बराच वेळ कुणीच आलं नाही. मग ती आली. मुलीला नवं झबलं घातलेलं, पायात वाळे. "नऊ महिना व्हयी गयात, ताई," ती म्हणाली. "सकाय सकायनी गाडी शे. माहेर जानं शे. आज टोची द्या ना." उद्या सकाळची गाडी होती, म्हणून आजच टोचून हवं होतं.

मी डबा उघडून पाहिला. गोवरच्या दोन बाटल्या बर्फात होत्या. मी झाकण लावलं. नियम सांगायची वेळ आली की माझी अहिराणी पळून जायची आणि मी पुस्तकातल्यासारखं बोलायला लागायचे. म्हटलं, "एकटीसाठी बाटली फोडता येत नाही. पाच मुलं जमली पाहिजेत. तू परत कधी येणार?"

"पंधरा दिनमा."

"मग तेव्हाच देऊ. पंधरा दिवसांत काही बिघडत नाही."

 मग पोरीला माझ्याजवळच्या स्टुलावर बसवून, "धरा हिले," म्हणून जिना चढून गेली. मला वाटलं काही विसरलं असेल. ती तीन नंबरच्या चारही मजल्यांवर गेली. मग दोन नंबरला गेली, मग चार नंबरला. मी पंपाच्या खोलीच्या दारातून तिला दिसेनाशी होताना पाहत होते आणि तिची पोर माझ्या बांगड्या ओढत होती. तिला समोरचे दोन दात आले होते. वाळे वाजवायला तिला आवडायचं, म्हणून ती पाय आपटायची.

अर्ध्या तासाने ती परत आली. घामाघूम, दोन बायांना आणि त्यांच्या लेकरांना घेऊन. त्यातली एक बाई पोळ्या लाटता लाटता उठून आलेली, हाताला पीठ तसंच. दोन्ही लेकरं नऊ महिन्यांच्या वरची होती, मी वयं विचारून पाहिली. "तीन व्हयनात," ती म्हणाली. तीन झाले. आणि माझ्याकडे पाहून हसली.

मी घड्याळ पाहिलं.

मी घड्याळ का पाहिलं, ते आज सांगून टाकते. मलाही दुपारच्या गाडीने माहेरी जायचं होतं. माझी पिशवी दवाखान्यात भरून ठेवलेली होती. बाटली फोडली असती तर दोन डोस वाया गेल्याचं कारण लिहावं लागलं असतं. त्या महिन्याचा तक्ता मला जायच्या आधी द्यायचा होता आणि त्यातलं शून्य मी सकाळीच काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, "पाच पाहिजेत, बाई. तीन चालत नाहीत. नियम आहे."

ती दुसऱ्या दोघींकडे वळून म्हणाली की यांचाही नाइलाज आहे. माझी बाजू तिनेच घेतली. पोरीला उचललं, कार्ड पोलक्यात सरकवलं आणि म्हणाली, "पंधरा दिनमा येस, ताई. पहिला नंबर मनाच." पंधरा दिवसांत येते, पहिला नंबर माझाच. मी हसून मान डोलावली आणि फडकं सोडलं. दुपारच्या गाडीला मला खिडकी मिळाली.

त्या आखाजीला मी झोका खेळले. आमरस खाल्ला, खापराची पुरणपोळी खाल्ली, बहिणींशी भांडले. आमच्या गल्लीच्या टोकाला एका घराच्या दाराला निंबाचा डहाळा टांगलेला होता. म्हणजे आत पोरांना गोवर निघालेला. आमच्याकडे गोवर निघाला की बाई घरात आली म्हणतात. मग औषध नाही, परका माणूस नाही, तिचं मन मोडायचं नाही. मी नर्स असूनही त्या दारावरून मुकाट्याने पुढे गेले, सणासुदीला कशाला कुणाच्या घरात तोंड घालायचं म्हणून. डहाळा पाहून मला तिची आठवण यायला हवी होती. आली नाही.

पंधरा दिवसांनी आवास पुन्हा भरले. त्या बुधवारी गोवरला आठ लेकरं होती. पहिला नंबर मी दुसऱ्याच मुलाला दिला, कारण ती आली नव्हती. म्हटलं, माहेरी रमली असेल. पुढच्या बुधवारीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. वरती जाऊन पाहिलं तर दाराला कुलूप होतं. नवरासुद्धा गावी गेला, असं शेजारची म्हणाली. कशासाठी ते तिला माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. मला थोडा रागही आला. एवढी हुशार पोरगी, आणि तारीख चुकवते म्हणजे काय.

ती आली तेव्हा पाऊस सुरू झालेला होता आणि पंपाच्या खोलीत गुडघ्याएवढी रांग होती. म्हणजे लेकरंच लेकरं. मला आधी तिच्या हातातलं कार्ड दिसलं. मी सुई भरत होते. मान वर न करता मी मोठ्याने म्हटलं, "आलीस का गं बाई! ये ये, आज पाच काय, दहा जमलेत. पोरगी कुठंय?"

खोलीतल्या बायांनी आपापली लेकरं जवळ ओढली. त्यांना माहीत होतं. मला एकटीलाच माहीत नव्हतं.

"पोर गयी, ताई," ती म्हणाली.

मी सुई खाली ठेवली. ती उभ्याउभ्याच सांगत होती, एका आवाजात, कुणाचं तरी दुसऱ्याचं सांगावं तसं. गावात आखाजीच्या दिवसांत पोरांना गोवर निघाला होता. हिला दहाव्या-अकराव्या दिवशी ताप आला, परत निघायच्या आदल्या दिवशी अंगावर पुरळ उठलं. आजीने दाराला डहाळा बांधला. पुरळ मावळलं, सगळ्यांनी बाईची पाठवणी केली, नैवेद्य दाखवला. मग छाती भरली. तालुक्याला नेईपर्यंत एस.टी.मध्येच संपलं. वाळे पायात तसेच होते.

मग तिने कार्ड माझ्यापुढे धरलं. "हाऊ कागद तुमना शे ना?" म्हणाली. सरकारी कागद, म्हणून परत करायला आली होती. राशनकार्डावरचं नाव कमी करायला जातात तशी. मी कार्ड घेतलं. कुंकवाचा वास होता. सगळे चौकोन भरलेले, शेवटचा कोरा.

 ती माझ्याकडे पाहत होती आणि मग मला समजावल्यासारखं म्हणाली, "मनीच चूक, ताई. आखाजीले मी जायलेच नको व्हतं." माझीच चूक, आखाजीला मी जायलाच नको होतं. तिने पंधरा दिवस लांब जायला नको होतं, तिने हौस करायला नको होती, असं ती सांगत राहिली. खोलीतल्या बायांनीही माना हलवल्या. आणि मी, तीन मुलं समोर उभी असताना झाकण लावणारी, गप्प बसले. मी त्या पोरीला ते ओझं उचलून वरती जाऊ दिलं. मी आयुष्यात पुष्कळ चुका केल्या असतील, पण या गप्प बसण्याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. बाटली न फोडणं त्याच्यापुढे काही नाही.

त्या दिवशी दहा लेकरांना लस देऊन मी तक्त्यात शून्य काढायला गेले आणि तो रकाना कोराच सोडला.

पुढच्या महिन्यात म्हातारे डॉक्टर आले. मी त्यांना सगळं सांगितलं, कार्डही दाखवलं. मनातल्या मनात मला एवढंच ऐकायचं होतं की नियमच तसा आहे, तुम्ही काय करणार. डॉक्टरांनी चष्मा काढला. "पाचनो नियम?" ते म्हणाले. "एवो नियम कोणे बनाव्यो, बेन?" असा नियम केला कुणी? एक बाळक असलं तरी बाटली उघडायची, म्हणून तर बाटल्या जास्तीच्या पाठवतात, असं ते गुजरातीत शांतपणे सांगत होते. वाया जायचं ते धरूनच हिशेब केलेला असतो. त्यांनी दवाखान्यातल्या कपाटातून सूचनांचा कागदही काढून दिला. त्या कपाटापुढे मी तीन वर्षं रोज बसत होते. ज्या सिस्टरने मला शिकवलं तिलाही कुणी तसंच सांगितलं असेल. आम्ही सगळ्या एका भाकरीसाठी तवा न चढवणाऱ्या घरांतून आलेल्या बायका. कागद वाचायची गरज कुणालाच वाटली नव्हती.

त्यानंतर मी एका लेकरासाठी बाटली फोडायला लागले. चार तास झाल्यावर उरलेली लस ओतून देताना सुरुवातीला मी आधी बाटली उजेडात धरून उरलेले डोस मोजायचे. वायाच्या रकान्यात कधी अकरा, कधी सतरा. मीटिंगमध्ये माझं नाव येणं बंद झालं.

पण तिला सांगायचं राहिलं होतं. मी रोज ठरवायचे आणि रोज टाळायचे. नवरा झोपलेला असेल, बाया बसलेल्या असतील, पोरीचं दुःख ताजं आहे. कारणांना काय तोटा. शेवटी एका गुरुवारी गेले.

ती जिन्यात बसली होती. त्याच पायरीवर. मांडीवर शेजारणीचं तापलेलं बाळ होतं, जवळ तांब्या होता. शेजारीण नळावर गेली होती आणि तिचाही नवरा आत झोपला होता, म्हणून बाळ हिने घेतलं होतं. मी तिच्या खालच्या पायरीवर बसले. जिन्यात आम्ही दोघीच होतो. पुस्तकी मराठी यायला लागली ती मी गिळली आणि आमच्या भाषेत तिला सगळं सांगितलं. की असा नियम नव्हताच. की एकासाठीही बाटली फोडता येत होती. की तू तीन लेकरं आणलीस तेव्हा मला गाडी गाठायची होती. की तुझी चूक काडीची नाही, माझी आहे.

ती बाळाच्या कपाळावरची पट्टी काढून, पाण्यात बुडवून, पिळून पुन्हा ठेवत होती. ते काम तिने थांबवलं नाही. पट्टी पुन्हा भिजवताना म्हणाली, "त्या दिनले तुमना डबामा लस व्हती का?"

मी म्हटलं, "व्हती."

"मनी पोरपुरती व्हती?"

"व्हती."

तिने पट्टी नीट बसवली. मग उठली, ते तापलेलं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, आणि तांब्या माझ्याजवळ सरकवला. माझ्याकडे न पाहता ती गॅलरीतून आपल्या खोलीत गेली. दार तिने हळूच ओढून घेतलं, कडीचाही आवाज होऊ दिला नाही. आत नवरा झोपला होता. मी त्या बाळाच्या कपाळावर पट्ट्या ठेवत जिन्यात बसून राहिले, त्याची आई पाणी भरून येईपर्यंत.